ऑनर्सला एम.ए.चाच अभ्यासक्रम लावावा का?

लातूरकडे भूगोलाच्या ऑनर्सला एम.ए.चाच अभ्यासक्रम थोडा कापून लावू का, असं विचारलंत. कृपया नको. तीन वर्षांच्या पदवीला किमान 120 श्रेयांक (क्रेडिट), चौथ्या वर्षाच्या ऑनर्ससह किमान 160. हे जादाचे 40 पाठांतरात घालवू नका. एकच प्रश्न धरा: 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी का आणावं लागलं? लातूरला पाणी देणारं मांजरा धरण, जमिनीखालचा बेसाल्ट खडक, ऊस, बोअर, सगळं त्यात येतं. मुलांना आपल्या गावातल्या दहा विहिरींची पातळी दिवाळीत आणि परत मे महिन्यात मोजायला लावा. प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकाला 30 तास मिळतात, ते शिवारातच खर्चा. आपल्याकडच्या पोरांना घरचा बोअर किती फूट हे तोंडपाठ असतं. पहिला तास तिथूनच सुरू करा.