गावात मेडिकल टाकावं का, की सर्टिफिकेट भाड्यानं द्यावं?

ताई, तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. डी.फार्म. (फार्मसीची पदविका) झाल्यावर दारव्हा तालुक्यातल्या आपल्या गावी मेडिकल टाकावं का, आणि ते जमेपर्यंत शहरातल्या दुकानदाराला आपलं फार्मासिस्टच्या नोंदणीचं सर्टिफिकेट महिन्याच्या भाड्यानं द्यावं का.

दुसऱ्याचं उत्तर आधी. देऊ नका. १९४८ च्या फार्मसी कायद्याच्या कलम ४२ प्रमाणे डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनंच द्यायचं असतं. भिंतीवर तुमची फ्रेम आणि काउंटरवर कोणीतरी शिकाऊ पोरगा अशा दुकानातून चुकीची गोळी गेली, तर निस्तरावं तुम्हाला लागेल. आपल्या पेशाचं जेवढं नुकसान या भाड्यानं केलं, तेवढं औषधं घरपोच विकणाऱ्या कोणत्याही ॲपनं केलेलं नाही. खेड्यातल्या माणसाला फार्मासिस्ट कधी दिसलाच नाही, तर तो कशासाठी हवा हे त्याला कळणार कसं?

आता दुकान. बीपी-शुगरची दर महिन्याची गोळी ॲपवर सवलतीत मिळते, जनऔषधी केंद्रात आणखी स्वस्त. हे गिऱ्हाईक थोडंफार जाणारच. किंमत-नियंत्रणातल्या औषधांवर आपल्याला १६ टक्के मार्जिन धरलेलं असतं. त्यातून वीजबिल, मुदत संपलेला माल आणि कापूस विकेपर्यंतची उधारी भागवायची. सवलतीच्या शर्यतीत उतरलात तर दोन हंगामांत दुकान बसेल. म्हणून छोटं टाका, कायद्याला १० चौरस मीटर जागा पुरते, आणि जेनेरिक, म्हणजे मोठ्या ब्रँडशिवायचं तेच औषध ठेवा. मात्र त्यावर छापलेली किंमत आणि आपली खरेदी यात किती फरक असतो ते तुम्हाला माहीत आहे. तो फरक गिऱ्हाइकाला द्या.

चालण्यासारखं काम वेगळंच आहे, आणि ते काउंटरवर रोज समोर येतं. एखादी आजी प्राथमिक आरोग्य केंद्रातून ॲम्लोडिपिन ही बीपीची गोळी आणते. चक्कर आली म्हणून पोरगा तिला तालुक्याच्या डॉक्टरकडे नेतो. ती आधीच्या गोळ्या दाखवत नाही, डॉक्टर दुसऱ्या नावाचं तेच औषध लिहितात आणि आजी दोन्ही खाते. वेष्टनं वेगळी, रंग वेगळे, तिला कसं उमजावं? तिची पिशवी काउंटरवर रिकामी करून दोन्ही पत्त्यांवरचं औषधाचं नाव वाचणारा माणूस गावात एकच असू शकतो. त्यानं ते वाचून डॉक्टरला फोन लावला तर बीपी फार उतरून आजी पडत नाही, मांडीचं हाड मोडत नाही.

फवारणीचं तर आपल्या जिल्ह्यानं भोगलेलं आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. असा माणूस बऱ्याचदा आधी मेडिकलवरच येतो. उलटीची गोळी मागतो, डोळ्यांपुढं धूसर दिसतं म्हणून ड्रॉप मागतो. ऑगस्ट ते ऑक्टोबर या दिवसांत कोणी असं मागितलं की पहिला प्रश्न एकच ठेवा: ‘फवारा मारला का आज?’ डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झाल्या असतील, घाम फुटला असेल, तोंडाला लाळ सुटली असेल, तर काहीही विकू नका. कपडे बदलायला लावा, अंग साबणानं धुवायला लावा आणि तोवर गाडी बोलवा. फवारलेल्या औषधाच्या डब्याचं लेबल सोबत देऊन दवाखान्यात पाठवा. ॲट्रोपिनची, म्हणजे या विषावरच्या उताऱ्याची गरज आहे का, ते तिथंच ठरेल.

तसंच सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं. एकाच घरातलं पोरगं हातपाय दुखतात म्हणून वरचेवर डायक्लोफेनॅक नेत असेल, तर गोळी देत बसण्यापेक्षा रक्त तपासायला पाठवा. विदर्भात हा आजार किती आहे ते मी तुम्हाला सांगायला नको.

इन्सुलिन घेणाऱ्याशी मे महिन्यात पाच मिनिटं बोला. न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. घरी फ्रीज नसेल तर चालू बाटली माठाशेजारी, ओल्या वाळूत ठेवलेल्या मडक्यात. पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा कुरियरच्या गाडीत त्या बाटलीचं काय होत असेल, हेही त्यांच्या कानावर घाला.

हे सगळं परोपकार म्हणून सांगत नाही. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांत रुग्णाला समुपदेशन करणं हे आपलं काम म्हणूनच लिहिलेलं आहे. त्याचे वेगळे पैसे आज कोणी देत नाही, हे खरं दुखणं आहे. ते मिळायला हवेत असं मला ठामपणे वाटतं, आणि संघटनांनी मार्जिनसाठी भांडताना हीही मागणी लावून धरावी. तोवर कमाई गिऱ्हाईक टिकण्यातूनच होणार. शेड्यूल एच-वनचं, म्हणजे काही अँटिबायोटिकसारख्या कडक नोंदीच्या औषधांचं रजिस्टर पहिल्या दिवसापासून स्वतः लिहा, नोंदी तीन वर्षं ठेवाव्या लागतात. चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक मागणारा सुरुवातीला रागावून जाईल. जाऊ द्या.

घरची परिस्थिती असेल तर बी.फार्म.ला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, तोही विचार करा. दुकानच टाकायचं ठरलं तर लायसन्सचा अर्ज भरण्याआधी आरोग्य केंद्रातल्या औषधनिर्माण अधिकाऱ्यांना भेटा आणि तिथं कोणत्या गोळ्या फुकट मिळतात त्याची यादी घ्या. आजीच्या पिशवीत काय निघणार ते त्या यादीवरून आधीच कळेल.