नोकरीचा शोध : वाचकांचे प्रश्न आणि भरती अधिकाऱ्याची उत्तरे

प्रश्न : मी पाच वर्षे लेखाविभागात काम करतो आहे आणि आता नोकरी बदलावी म्हणून काही महिन्यांपासून नियमितपणे ऑनलाइन अर्ज करतो आहे. बहुतेक ठिकाणांहून अर्ज मिळाल्याचा ईमेल येतो आणि त्यानंतर काहीच कळत नाही. आपल्यातच काही कमी असावे, असे आता वाटू लागले आहे. कुठे चुकत असेल?

उत्तर : उत्तर न येणे हा आपल्या योग्यतेवरचा निकाल नव्हे, हे आधी मनाशी पक्के करावे. जागेची जाहिरात निघाल्यानंतर कधी खर्चाची मंजुरी थांबते, कधी त्याच कंपनीतील माणसाला बढती देऊन ती जागा भरली जाते, तर कधी पहिल्या दोन-तीन दिवसांतच पुरेसे योग्य उमेदवार मिळतात आणि नंतर आलेले अर्ज कोणी उघडूनही पाहत नाही. यांपैकी काहीही उमेदवाराला कळवले जात नाही. भरतीच्या सॉफ्टवेअरमधून शेकडो जणांना एकाच वेळी नकार कळवता येतो, त्यामुळे या मौनाला वेळेच्या अभावाचे कारण पुरत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता आपल्या हातात काय आहे, ते पाहू. अर्ज आधी सॉफ्टवेअरमध्ये साठवला जातो. सॉफ्टवेअर आपल्या लेखनशैलीवरून अर्ज फेकून देते, ही समजूत बऱ्याच अंशी चुकीची आहे. अर्ज भरताना विचारलेल्या अनिवार्य प्रश्नांच्या उत्तरांवरून गाळणी लागते आणि पुढे माझ्यासारखा माणूस विशिष्ट शब्द टाकून अर्ज शोधतो. म्हणून बायोडाटातील मजकूर यंत्राला वाचता येणे महत्त्वाचे ठरते. कागद स्कॅन करून केलेली पीडीएफ, शेजारी शेजारी दोन रकाने किंवा चौकटींत बसवलेली माहिती यांत मजकूर हरवतो किंवा त्याचा क्रम बिघडतो. आपल्या फाइलमधील सर्व मजकूर कॉपी करून साध्या नोटपॅडमध्ये चिकटवून पाहा. तिथे पदाचे नाव एकीकडे आणि तारखा दुसरीकडे गेल्या असतील, तर आमच्या पडद्यावरही बहुधा तसेच दिसत असणार.

यानंतर प्रश्न येतो मजकुराचा. 'लेखाविभागातील सर्व कामे पाहिली' या ओळीवरून मला काहीच कळत नाही. त्याऐवजी 'पुरवठादारांची बिले तपासून नोंदवणे, दर महिन्याला बँक रिकन्सिलिएशन करणे, महिनाअखेरीचे हिशेब बंद करून अहवाल व्यवस्थापकांना देणे' असे लिहिले, तर उद्यापासून आपण कोणते काम हाती घेऊ शकाल, हे डोळ्यांसमोर उभे राहते. केलेल्या कामासाठी जाहिरातीत जो शब्द असेल, तोच आपणही वापरावा, कारण अर्ज शोधताना आम्हीही तोच टाइप करतो. मात्र न केलेले काम लिहू नये. मुलाखतीतल्या दुसऱ्याच उपप्रश्नाला ते उघडे पडते.

शिवाय सारा भार ऑनलाइन अर्जांवर ठेवू नका. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे आढळले, की ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी बहुतेकांना ती माहिती जवळच्या मित्रांकडून नव्हे, तर क्वचित किंवा अधूनमधून भेटणाऱ्यांकडून मिळाली होती. कारण उघड आहे : जवळच्यांना जे ठाऊक असते, ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असते. दुसरीकडे गेलेल्या जुन्या सहकाऱ्यांना थोडक्यात कळवा आणि कोणत्या प्रकारचे काम शोधत आहात, ते नेमके सांगा. 'काही असेल तर बघा' असे म्हटले, की ऐकणाऱ्याला काय बघायचे तेच कळत नाही.

प्रश्न : आईच्या आजारपणामुळे मी नोकरी सोडली आणि दोन वर्षे घरी होते. हा खंड लपवावा की सांगावा?

उत्तर : सांगावा, पण एका ओळीत. 'कौटुंबिक शुश्रूषेसाठी विराम' एवढे पुरे आहे. आजाराचा तपशील विचारण्याचे आम्हाला कारण नाही आणि तो देण्याचे बंधन आपल्यावर नाही. ब्रिटनमध्ये नऊ हजारांहून अधिक मालकांकडे अर्ज पाठवून केलेल्या एका प्रयोगात, नोकरीच्या तारखांऐवजी प्रत्येक पदावरील अनुभवाची वर्षे लिहिलेल्या अर्जांना अधिक प्रतिसाद मिळाला. आपणही तशी मांडणी करून पाहू शकता, मात्र कोणी तारखा विचारल्या तर त्या खऱ्याच सांगाव्यात. आजारी माणसाची काळजी घेण्यात गेलेल्या वर्षांबद्दल कोणाही उमेदवाराने ओशाळून बोलू नये, असे मला मनापासून वाटते. तेवढे सांगून झाले, की संभाषण कामाकडे वळवावे.

प्रश्न : मुलाखत अगदी गप्पांसारखी रंगली, तरीही नकार आला. असे का होते?

उत्तर : मुलाखत घेणाऱ्याचे हसतमुख असणे हे सौजन्य असते, होकार नव्हे. अनेक कंपन्या आता सर्व उमेदवारांना तेच प्रश्न विचारतात आणि प्रत्येक उत्तराला ठरलेल्या निकषांवर गुण देतात. निवडीच्या पद्धतींवरील संशोधनातही अशा आखीव मुलाखतीच मोकळ्या गप्पांपेक्षा अधिक भरवशाच्या ठरल्या आहेत. गुण मिळतात ते घडलेल्या प्रसंगांना. मला वारंवार आढळते, की उमेदवार 'आम्ही ते काम वेळेत पूर्ण केले' असे सांगतो आणि 'त्यात आपला वाटा कोणता?' असे विचारल्यावर थबकतो. अडचण काय होती, आपण स्वतः काय केले आणि शेवटी काय झाले, या क्रमाने चार-पाच प्रसंग मोठ्याने बोलून तयार ठेवा.

प्रश्न : निवड झाल्याचा संदेश आला आहे, पण रुजू होण्याआधी नोंदणी शुल्क भरायला सांगितले आहे. भरावे का?

उत्तर : भरू नये. खासगी रोजगार संस्थांनी कामगारांकडून शुल्क घेऊ नये, हे तत्त्व आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९९७ च्या १८१ व्या करारात नमूद आहे. त्यातील अपवाद मर्यादित आहेत. शिवाय मुलाखतीशिवाय आलेली निवड आणि शुल्कासाठी लावलेली घाई या दोन्ही गोष्टी फसवणुकीच्या खुणा आहेत. संदेशातील क्रमांकावर फोन न करता कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरील क्रमांकावर विचारणा करा, ओळखपत्राच्या किंवा बँक खात्याच्या प्रती पाठवू नका आणि तो संदेश तक्रारीसाठी जपून ठेवा.