वाचक विचारतात : मैत्रिणीला लपवायचं तर रेशनचं काय?

प्रश्न : आठवीच्या मुलांसाठी एकांकिका लिहिते आहे. १९४२ सालचं हॉलंड, जर्मनांचा अंमल. दोन भावंडं वर्गातल्या ज्यू मैत्रिणीला माळ्यावर लपवतात आणि घरात कुणाला पत्ता लागू देत नाहीत. हे पटेल का? (एक शिक्षिका, सांगली)

उत्तर : घरच्यांना न कळता हे जमलं नसतं, कारण रेशन. पाव, लोणी, मांस, कापड, बूट, सगळं कुपनावर. लपलेल्या मुलीच्या नावाने कुपनं मागायला जाणं म्हणजे ती कुठे आहे याचा माग देणं. मग चौघांच्या कुपनांत पाच जणांनी भागवायचं, नाहीतर भूमिगत गटांनी रेशन कचेऱ्या फोडून मिळवलेल्या कुपनांची वाट पाहायची. ती घरोघर पोचवायला मुलांची खरी मदत व्हायची. पंधरा वर्षांखालच्यांना ओळखपत्राची सक्ती नव्हती, आणि दप्तर घेऊन चाललेल्या मुलाकडे शिपायाचं लक्ष कमी जाई. तुमच्या भावंडांना हेच काम द्या आणि आईला पहिल्या प्रवेशापासून कटात घ्या.

‘वर्गातली’ हा शब्दही बदला. सप्टेंबर १९४१पासून ज्यू मुलांना वेगळ्या शाळांत घातलं होतं. ती पूर्वीची वर्गमैत्रीण होईल. मे १९४२पासून सहा वर्षांवरच्या प्रत्येक ज्यू व्यक्तीला कपड्यांवर पिवळा तारा शिवावा लागे. तो नुसता उसवून भागत नाही. टाक्यांची भोकं राहतात, कोट विटलेला असेल तर ताऱ्याखालचं कापड गडद दिसतं. म्हणून तिला दुसराच कोट हवा. हा प्रसंग रंगमंचावर छान दाखवता येईल.

झडतीचा प्रवेश लिहिताना हार्लेममधल्या टेन बोम या घड्याळजींच्या घराची माहिती उपयोगी पडेल. तिथे माणसं लपवायला वरच्या खोलीत खोटी भिंत बांधली होती. कपाटाच्या खालच्या फळीमागची झडप सरकवून आत सरपटायचं. इशाऱ्याची घंटा होती आणि तालमी होत, तीही ऐन जेवणाच्या वेळी. माणसं आत गेली तरी जास्तीची ताटं टेबलावर राहिली, तर सगळं फुकट. गादी उलटी करायची, कारण झोपलेल्या जागेची ऊब हाताला लागते. २८ फेब्रुवारी १९४४ला धाड पडली, कुटुंबाला पकडून नेलं, पण भिंतीमागचे सहा जण सापडले नाहीत. जवळजवळ दोन दिवस ते आतच होते.

घात व्हायचा तो बहुतेक बोलण्यातून. लहान भावंडाला खरं सांगितलं की ते अंगणात बोलून जाणार, म्हणून त्याला ‘रॉटरडॅमची मावसबहीण, बाँबमध्ये घर गेलं’ एवढंच सांगायचं. १४ मे १९४०ला त्या शहराचा मध्यभाग खरोखरच बेचिराख झाला होता, त्यामुळे शेजारीही विश्वास ठेवत. मुलीकडून नवं नाव, खोटा पत्ता, वडिलांचा धंदा घोकून घ्यायचा. मागून कुणी खऱ्या नावाने हाक मारली तर मान वळता कामा नये. मोठ्यांनाही हे कठीण जातं. आणि खबऱ्यांची भीती खरी होती. १९४३ साली ॲमस्टरडॅममध्ये पकडून दिलेल्या माणसामागे साडेसात गिल्डर मिळत.

शेवटी कुटुंबाला भिंतीशी उभं करून गोळ्या घालू नका. पोलंडमध्ये ज्यूंना आसरा देणाऱ्याला मृत्युदंड होता. हॉलंडमध्ये बहुधा तुरुंग किंवा छळछावणी. तिथूनही अनेक जण परतले नाहीत.

प्रश्न : मग शेवटी मैत्रीण आई-वडिलांकडे परतते, असं दाखवू का?

उत्तर : शक्यतो नको. हॉलंडमधल्या सुमारे १,४०,००० ज्यूंपैकी १,०२,०००हून अधिक मारले गेले. लपून वाचलेल्या कित्येक मुलांना न्यायला कुणी आलंच नाही. त्यांनी कुणाकडे राहायचं हे ठरवायला १९४५ साली सरकारला आयोग नेमावा लागला आणि त्यावरून कडाक्याचे वाद झाले, कारण सांभाळणाऱ्या घरांनाही लळा लागला होता. मे १९४५च्या मुक्तीपाशी नाटक थांबवा. आई-वडिलांची खबर तेव्हा लगेच लागत नसे. घरोघरी रेड क्रॉसच्या याद्यांची वाट पाहिली जात होती.