घराखाली ओल आहे हे कसं ओळखायचं?

डिचोलीतल्या तुमच्या जुन्या चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) घरात पाऊस लागल्यापासून लादी ओली होते, भिंतीचे खालून पोपडे निघतात, आणि गवंडी म्हणतो सिमेंटचा गिलावा मारू. गवंड्याला जरा थांबवा. लादीचं दुखणं एक आणि भिंतीचं दुसरंच असू शकतं.

मिरगाच्या सुमारास हवा दमट आणि लादी थंड, म्हणून हवेतलंच बाष्प तिच्यावर घामासारखं धरतं. पडताळायला हातभर लांबरुंद, जाड प्लॅस्टिक पसरा, चारही कडा चिकटपट्टीने पक्क्या बंद करा आणि एक दिवस ठेवा. प्लॅस्टिक वरून ओलं झालं तर दोष हवेचा, खालून पाणी धरलं तर जमिनीचा. चकचकीत टाइल्स असतील तर प्लॅस्टिक सांध्यांवर येऊ द्या, कारण टाइलमधून ओल वर येतच नाही.

भिंतीकडे नीट बघा. जमिनीतली ओल सच्छिद्र चिऱ्यातून वर चढते, साधारण मीटरभर जाते आणि थांबते तिथे आडवी वेडीवाकडी रेघ व पांढरा लोणा, म्हणजे क्षारांचा थर, सोडते. डाग वरून खाली उतरत असेल तर आधी कौलं तपासा. एकाच जागी, भर एप्रिलातही ओल असेल तर न्हाणीघर किंवा नळ. रात्री सगळे नळ बंद करून पाण्याचा मीटर फिरतोय का तेवढं बघा. दरवाजाच्या चौकटीचा पायही स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहा. भुसभुशीत लागला तर लाकूड ओलीने कुजलंय किंवा वाळवी लागलीय; मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी आलीच.

मग बाहेर या. माझा पहिला संशय अंगणावर असतो. पेव्हर बसवायला भराव घालतात आणि जोतं अर्धं गाडलं जातं. पागोळ्यांचं पाणी भिंतीशीच मुरतं. जुन्या जोत्यात ओल अडवणारा थर बहुधा नसतोच. विहीर असेल तर जुलैत तिचं पाणी किती वर येतं तेही बघा. ते जोत्याच्या जवळ येत असेल तर आतून कितीही लेप लावा, फरक पडणार नाही.

सिमेंटने ओल जात नाही. बाहेर सुकायची वाट बंद झाली की ती आणखी वर चढते. चुन्याच्या गिलाव्यातून ती सुकत राहते. चवथीला पाहुणे येणार म्हणून रंगाची घाई करू नका. आत्ता पोपडे खरवडून भिंत उघडी ठेवा, पागोळ्यांच्या पाण्याला घरापासून दूर उतार द्या, आणि चुन्याचा नवा गिलावा फेब्रुवारी-मार्चात करा.