लुगडं गुजराती नव्हे, आणि गावठी तर नव्हेच

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका वाचक ताईंचा प्रश्न आहे. त्यांची आजी नऊवारीला 'लुगडं' म्हणते. समोरच्या गुजराती मासी मात्र दोरीवर वाळणाऱ्या सगळ्याच कपड्यांना, अगदी सदरा-पायजम्यालाही, 'लूगडां' म्हणतात. तेव्हा आजीचा शब्द बडोद्यात राहून गुजरातीतून आला का? आणि मंडळाच्या हळदीकुंकवात 'लुगडं' म्हटलं की पोरी हसतात, तर त्याऐवजी 'नऊवारी साडी' म्हणावं का?

आधी त्या हसण्याबद्दल. हे हसू मी बरीच वर्षं ऐकतो आहे आणि दर वेळी माझं डोकं उठतं. लुगडं गावठी आणि साडी शहरी, असं कुणी ठरवलं? गायकवाडांच्या राजवाड्यातल्या स्त्रिया नऊवारीच नेसत. शालू असो, पैठणी असो की घरातलं सुती, वस्त्राची जात लुगड्याचीच. 'नऊवारी' हे मुळात विशेषण आहे, नुसतं माप. जुन्या बायका हातानं मोजत, म्हणून 18 हात. वारानं मोजायला लागल्यावर तेच 9 वार झालं. मापाला नाम केलं, खऱ्या नामाला हाकलून दिलं, आणि रिकाम्या जागी 'साडी' आणून बसवली. आता बॅनरवर 'नऊवारी लुगडा' असंही छापून येतं. लुगडा! नपुंसकलिंगी शब्दाला हिंदीच्या नादानं पुल्लिंगी करून टाकलं.

'साडी' वाईट शब्द आहे असं मी म्हणत नाही. तो तर पतंजलीच्या महाभाष्यात, संस्कृत व्याकरणावरच्या ग्रंथात, भेटतो, शाटक या रूपात. कुणी एक जण विणकराला सांगतो, 'या सुताचा शाटक विण.' त्यावर विणकर अडून बसतो: शाटक असेल तर विणायचा कशाला, आणि विणायचा असेल तर त्याला शाटक कसं म्हणायचं? इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातला हा वाद आहे. त्यामुळे साडीला आधुनिक समजून नाक वर करणाऱ्यांनीही जरा दमानं घ्यावं.

आता गुजरातीचं. नाही, लुगडं गुजरातीतून आलेलं नाही. गायकवाड अठराव्या शतकात इकडे आले, पण लुगडं रत्नागिरीत आहे, नागपुरात आहे, जिथल्या बायकांनी गुजराती कानानंसुद्धा ऐकली नसेल तिथे आहे. शिवाय हा शब्द दोघांच्याही कुंपणाबाहेर पसरलेला आहे. राजस्थानात लूगड़ी म्हणजे ओढणी. छत्तीसगढीत लुगरा म्हणजे साडी. भोजपुरीत लूगा. नेपाळीत लुगा म्हणजे सरसकट कपडे, मासी म्हणतात तसेच. नेपाळ्यांनी तो बडोद्याच्या घडियाळी पोळेतून नेला असं तर कुणी म्हणणार नाही! शब्द एकच, वाटण्या वेगवेगळ्या झाल्या. गुजरातीनं अर्थ पसरट ठेवला, मराठीनं आवळून एकाच वस्त्राला दिला, राजस्थानीनं डोक्यावर घेतला. आणि लिंग बघा: गुजराती 'लूगडुं' नपुंसक, मराठी 'लुगडं' नपुंसक. दोघींनीही आईकडून घेतलेलं जपलं आहे, एकमेकींकडून उसनं घेतलेलं नाही.

मग ती आई कोण? इथे मला खरी गोडी आहे.

दोन चुकीच्या वाटा आधी बंद करतो, कारण लोक त्यांवरून हौसेनं चालत असतात. 'लुंगीपासून लुगडं' हे एक. लुंगी फारसीच्या वाटेनं आली आणि ती आपला अनुनासिक कुठेच सोडत नाही. लूगा, लूगड़ी, लुगरा, लुगडं यांत तो कुठेच नाही. दुसरं म्हणजे हिंदीतल्या 'लुगाई'शी, म्हणजे बाईशी, सोयरीक जुळवणं: लुगाई नेसते ते लुगडं. ऐकायला छान आहे, पण लुगाई ही 'लोग'ची स्त्री आहे. तिचं मूळ 'लोक' आणि तिचा कापडाशी संबंध नाही.

माझ्या मते लुगडं आणि रुग्ण ही सख्खी भावंडं आहेत. हो, तोच तो दवाखान्यातला रुग्ण.

गुजरातेतल्या पाटणला बाराव्या शतकात हेमचंद्र नावाचा जैन आचार्य होऊन गेला. तिथल्या सिद्धराज जयसिंह राजासाठी त्यानं 'सिद्धहेमशब्दानुशासन' हे व्याकरण लिहिलं, त्याचा आठवा अध्याय प्राकृताचा. (पाटण पुढे बडोदे संस्थानातच होतं, तेव्हा हा माणूस आपल्याच घरचा.) तो सांगतो की रुग्ण या शब्दाची प्राकृतात 'लुक्क' आणि 'लुग्ग' अशी दोन रूपं होतात. र चा ल कसा झाला? त्यासाठी त्याचं सूत्रच आहे, 'हरिद्रादौ लः'. हरिद्रा वगैरे शब्दांत र च्या जागी ल येतो. त्याच नियमानं हरिद्रेची हळद झाली, त्याच यादीत हा लुक्क बसला आहे. म्हणजे हळदीकुंकवातल्या हळदीला जो नियम लागला तोच लुगड्याला! लुग्गला मराठी-गुजरातीचा लाडका 'ड' प्रत्यय लागला आणि लुगडं उभं राहिलं. नेपाळी-भोजपुरीनं तो ड घेतलाच नाही, म्हणून तिकडे नुसता लूगा.

'रुग्ण म्हणजे आजारी, त्याचं कापड कसं होईल?' हा आक्षेप मला भाषेच्या प्राध्यापकांनीही घेतला आहे, आणि त्यांनी तो घ्यावा याचं मला आश्चर्य वाटतं. रुग्णचा मूळ अर्थ आजारी नाहीच. धातुपाठ, म्हणजे संस्कृत धातूंची अर्थासकट यादी, म्हणतो 'रुजो भङ्गे'. रुज् म्हणजे मोडणं, तोडणं. शरीर मोडतो तो रोग, आणि रुग्ण म्हणजे मोडलेला, तुटलेला. लुग्ग म्हणजे तुटलेलं. लुगडं म्हणजे तोडलेला तुकडा.

'पण मग ती चिंधी झाली!' असं म्हणून काही जण नाराज होतात, आणि कोशकार 'देशी', म्हणजे संस्कृत मूळ नसलेला, असा शेरा मारून मोकळे होतात. देशी म्हणणं म्हणजे दार लावून घेणं. जरा आजूबाजूला बघायला नको? आपलं 'कापड' कुठून आलं? कापणे या क्रियापदावरून नव्हे, जरी दहापैकी नऊ जण तसं ठोकून देतात. ते आलं संस्कृत कर्पटावरून, आणि कर्पट म्हणजे फाटकं, ठिगळाचं वस्त्र. असं वस्त्र पांघरून तीर्थाला निघालेला तो कार्पटिक, आणि त्याचाच मराठीत झाला 'कापडी', गंगेची कावड आणणारा यात्रेकरू. म्हणजे आज मंगळ बाजारात ज्या शब्दावर लाखोंची उलाढाल चालते, तो शब्द मुळात लक्तराचा. आणि 'लक्तर' तरी काय, संस्कृत लक्तक, म्हणजे चिंधीच. 'कपडालत्ता' मधला लत्ता त्याच घरचा.

मग चीर घ्या. आपण द्रौपदीचं चीर म्हणतो तेव्हा भरजरी वस्त्र डोळ्यांपुढे येतं. पण चीर म्हणजे पट्टी, सालीची किंवा कापडाची चिरलेली पट्टी. भिंतीला पडते ती चीर आणि अंगावरचं चीर यांना मी एकाच कुळातलं मानतो. रामायणात अयोध्याकांडात कैकेयी वनवासासाठी चीरं आणून देते. राम-लक्ष्मण ती नेसतात, पण सीतेला ती नेसताच येत नाहीत. एक गळ्याशी, एक हातात धरून ती लाजून उभी राहते आणि शेवटी राम स्वतः तिच्या रेशमी वस्त्रावरून ते चीर बांधतो. रामायणाची चिकित्सक आवृत्ती ज्या प्राच्यविद्या मंदिरानं काढली ते आपल्याच गावात आहे. बडोदेकराला तरी चीर शब्दाची ही बाजू माहीत असायला हवी.

तर कर्पट, लक्तक, चीर. शाटालासुद्धा कोशात 'कापडाची पट्टी' हाच अर्थ दिलेला सापडेल. इतके शब्द एकाच दिशेनं बोट दाखवतात, तेव्हा तो योगायोग नसतो. माझं म्हणणं असं की यात दारिद्र्य नाही, कारागिरी आहे. हातमागावर एकाच ताण्यावर, म्हणजे ताणलेल्या उभ्या सुतांवर, एकामागून एक लुगडी विणली जातात. दोन लुगड्यांच्या मध्ये थोडा ताणा न विणता सोडतात आणि तिथे तोडतात. मोकळ्या राहिलेल्या सुतांना संस्कृतात दशा म्हणत. आपण अजून 'दशी निघाली' म्हणतो ती हीच. म्हणजे मागावरून तोडून वेगळं केल्याशिवाय लुगडं हे लुगडं होतच नाही. पतंजलीच्या विणकराचा प्रश्नही इथेच सुटतो: शाटक विणून पुरा होत नाही, तुटून पुरा होतो. आणि अजूनही आपण दिवाळीला कापड 'फाडतो', दुकानदार वार-दोन वार 'फाडून' देतो. कुणालाही त्यात अशुभ वाटत नाही.

तोडण्याशी लुगड्याचं नातं पुढेही सुटत नव्हतं. मधोमध विरलं की जीर्ण भाग काढून टाकायचा आणि दोन्ही धड टोकं एकमेकांना जोडायची. त्याला 'दंड घालणं' म्हणत. दंड घातलेलं लुगडं आणखी वर्षभर सहज चाले. त्यानंतर अर्ध्याचं धडपं, मग बाळंतिणीच्या घरी बाळोती, उरलेल्याची गोधडी.

यावर एक शेवटचा आक्षेप असतो, आणि तो जरा वजनदार आहे: प्राकृतात लुग्ग हे विशेषण आहे, त्याचं नाम कसं झालं? अहो, 'नऊवारी'चं झालं तसंच! पाच हातांचा म्हणून पंचा. धुतलेलं म्हणून, 'धौत' वरून, धोतर. धौत आणि रुग्ण, दोन्ही संस्कृतातली कर्मणि भूतकालवाचक धातुसाधितं. पुरुषाचं वस्त्र धुतलेलं, बाईचं वस्त्र तोडलेलं. 'वस्त्र' हे नाम बोलण्यात गळून पडलं आणि त्याचं नपुंसकलिंग तेवढं मागे राहिलं: ते धोतर, ते लुगडं. मला तरी याहून सुरेख पुरावा नको.

आता लिंगाचा विषय निघालाच आहे तर क्रियापदाचंही सांगून टाकतो, कारण बडोद्याच्या मराठीत ते फार बिघडत चाललं आहे. 'साडी घातली' नव्हे! गुजरातीत साडीही 'पहेरी' आणि शर्टही 'पहेर्युं', तिथे ते ठीक आहे. मराठीत सदरा, चोळी, पोलकं घालतात. लुगडं, साडी, धोतर, सोवळं नेसतात. शेला, शाल पांघरतात. फेटा बांधतात. नेसणं आलं नि-वस् वरून, आणि पांघरूण आलं प्रावरणावरून. हेमचंद्राकडे त्याचं 'पंगुरण' हे रूप तयारच आहे. पालीत हीच जोडी बघा: निवासेति म्हणजे कमरेखालचं वस्त्र नेसतो, पारुपति म्हणजे वरचं पांघरतो. बौद्धांच्या विनयपिटकात भिक्षूंना वागण्याचे जे सेखिय नियम आहेत, त्यांतले पहिले दोन याच दोन क्रियापदांचे आहेत: नीट गोल नेसेन, नीट गोल पांघरेन. दोन हजार वर्षांहून जुना भेद आपल्या आज्यांनी तोंडी सांभाळला आणि आपण तो 'घातली' या एका शब्दात बुडवतो आहोत. याचं मला मनापासून वाईट वाटतं. शिवलेलं काय आणि न शिवलेलं काय हे ज्या भाषेला क्रियापदातून सांगता येतं, तिनं ते का सोडावं?

तर ताई, मंडळाच्या कार्यक्रमात खुशाल 'लुगडं' म्हणा. पोरी हसल्या तर त्यांना हेमचंद्राचं सूत्र ऐकवा. सहावारीला साडी म्हणा, नऊवारीला लुगडं म्हणा, 'नऊवारी लुगडं' म्हटलंत तरी चालेल. अनेकवचन 'लुगडी' असं करा. 'लुगडे धुवायला टाकले' असं म्हणून त्यात पँट-शर्टही मोजणारी मुलं मात्र मासींच्या घरची भाषा बोलत आहेत. ती मासींच्या घरी अगदी शुद्ध आहे. आपल्या घरी त्यांना 'कपडे' म्हणायला शिकवा.