मॉडेल किटच्या स्पेसशिपमध्ये एलईडी बसवताना आधी रंग द्यायचा की आधी वायरिंग?

तुम्ही म्हणताय 1:350 चं (म्हणजे खऱ्याच्या 350 पट लहान) स्टार ट्रेकमधलं एंटरप्राइझ आणलंय, पहिलंच मोठं किट आहे, आत लाइट बसवायचेत, तर आधी रंग की आधी वायरिंग. क्रम असा ठेवा, आधी आतून काळा रंग, मग वायरिंग, मग जोडणी आणि बाहेरचा रंग सगळ्यात शेवटी. पण तो आतला काळा रंग लोक फार हलक्यात घेतात, मीही घेतला होता, म्हणून त्यावरच जरा जास्त लिहितो.

माझंही हेच किट, पोलर लाइट्स कंपनीचं, जुन्या स्टार ट्रेक मालिकेतलं जहाज. जहाज 289 मीटरचं धरलंय म्हणजे मॉडेल साधारण साडेब्याऐंशी सेंटीमीटर होतं, हा हिशोब मी ऑर्डर केल्यावर केला आणि मग घरात ते ठेवायचं कुठे यावर जे काही झालं ते सोडा. तर बशीचे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या गोल तबकडीचे, दोन भाग नुसते एकमेकांवर ठेवून आत एलईडीची पट्टी सोडली, खोलीतला दिवा बंद केला, आणि अख्खी बशी आकाशकंदिलासारखी पेटली! खिडकी कुठली, भिंत कुठली काही कळेना. हातात जाड वाटणारं प्लास्टिक एलईडीपुढे कागदासारखं असतं.

म्हणून सगळे पार्ट आधी भांडी घासायच्या लिक्विडने धुवा (साच्यातलं तेल राहिलं तर रंग सोलून निघतो), वाळले की आतून मॅट काळ्याचे दोन हात, त्यावर पांढऱ्याचे दोन. काळा प्रकाश अडवतो, पांढरा तो आतल्या आत खेळवतो. नुसता काळा मारलात तर खिडक्या मरतुकड्या दिसतील. जिथे दोन भाग चिकटवायचेत त्या कडांवर रंग नको, ग्लू प्लास्टिकलाच धरतो. मग अंधारात बसून एलईडी आतून फिरवायचा, जिथून उजेड पाझरेल तिथे पेन्सिलने खूण करायची आणि परत काळा. कंटाळवाणं काम आहे, माझ्या तीन रात्री गेल्या. आणि झटपट म्हणून ॲल्युमिनियमची टेप लावायचा मोह होईल, तिथे सांभाळा, ती टेप करंट वाहून नेते. मी मानेच्या (बशीला खालच्या धडाशी जोडणारा भाग) आत ती लावली, वायरीचा एक जॉइंट उघडा होता, तो टेकला आणि अ‍ॅडॉप्टर गेला. तेव्हापासून प्रत्येक जॉइंटवर हीट श्रिंक ट्यूब (गरम केली की आवळून बसणारी नळी), अपवाद नाही.

वायर जाड घेऊ नका, मान फार अरुंद आहे. मोटार रिवाइंडिंगवाल्याकडे इनॅमलची बारीक तांब्याची तार मिळते, टोकाचं इनॅमल पॉलिश पेपरने खरवडून सोल्डर करायचं. बाकी सामान पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला एका चकरेत होतं. 12 व्होल्टवर तीन पांढरे एलईडी एका ओळीत आणि 180 ओहमचा एक रेझिस्टर एवढं पुरतं, लाल एकटा असेल तर 1 किलोओहम. फुल ब्राइट करू नका, बंद बशीत उष्णता जायला जागा नसते आणि मंद उजेडातच जहाज मोठं वाटतं. लुकलुकणाऱ्या लाइटसाठी 555 आयसी (टायमरची चिप), 10 के आणि 68 के (किलोओहम) रेझिस्टर आणि 10 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, सेकंदाला एकदा उघडझाप होते.

नॅसेलच्या (जहाजाच्या मागच्या दोन लांब इंजिनांच्या) पुढचे ते केशरी फिरते घुमट मात्र मजेशीर आहेत. शूटिंगच्या मूळ मॉडेलमध्ये घुमटामागे छोटे रंगीत बल्ब, आरशाचे तुकडे आणि मोटारीवर फिरणारी पाती होती. आपल्याला मोटार नको, 555 ला 4017 (एकेक आउटपुट पाळीपाळीने चालू करणारी काउंटर चिप) जोडून एलईडी गोलात पळवा, गणपतीच्या आरासीत आपण जो चेसर करायचो तोच, फक्त केशरी, आणि प्रत्येक आउटपुटला एक बीसी547 ट्रान्झिस्टर. घुमटाला आतून पॉलिश पेपरने दुधी करा नाहीतर एलईडी टिपक्यासारखे दिसतात.

आता वायरी बाहेर कुठून काढायच्या, तर खुद्द शूटिंगवाल्यांनाही हा प्रॉब्लेम होता! साधारण अकरा फुटांचं ते मॉडेल आता अमेरिकेत वॉशिंग्टनच्या एअर अँड स्पेस म्युझियममध्ये आहे, 2016 मध्ये दुरुस्त करून मांडलंय, आणि त्याची डावी बाजू अर्धवटच आहे कारण वायरी तिथूनच आत शिरायच्या, कॅमेरा कायम उजवीकडे. आपलं मॉडेल चारी बाजूंनी बघतात त्यामुळे स्टँडला पितळी नळी लावा, वायरी तिच्यातून खाली बेसमध्ये, तिथे डीसी सॉकेट.

खिडक्यांच्या आसपास सुपर ग्लू अजिबात नको, पारदर्शक पार्टवर पांढरं धुकं बसतं आणि जात नाही. तिथे साधा फेविकॉल, वाळला की काचेसारखा. आणि बशी बंद करण्याआधी सगळे लाइट एक रात्र चालू ठेवा, जो जायचा तो तेव्हाच जाऊ दे.

बाहेरचा रंग हिरवट झाक असलेला फिकट राखाडी, पांढरा नाही. बशीवरच्या जाळीच्या रेघा मूळ मॉडेलवर चक्क पेन्सिलने मारल्या होत्या, त्यामुळे तिथे गडद रंग भरून कौलं करू नका. डिकलच्या (चिकटवायची अक्षरं-चिन्हं) आधी चकचकीत ग्लॉस क्लिअर कोट, नंतर मॅट. पावसाळ्यात स्प्रे कॅन मारू नका, दमट हवेत क्लिअर कोट पांढरट पडतो.

एक राहिलंच. विमानासारखं इथेही बशीवर डावीकडे लाल आणि उजवीकडे हिरवा लाइट. बशीचा खालचा भाग उलटा ठेवून सोल्डर करता तेव्हा डावं-उजवं फिरतं. माझ्या जहाजाला वरून बरोबर आहे, खालून उलटं, बशी चिकटवून, रंगवून, डिकल लावून झाल्यावर भाच्याने जमिनीवर आडवं पडून बघितलं आणि विचारलं, मामा, हे खाली असं का?