घुंगरू बांधून मांजर वाचत नाही

तुम्ही विचारलंय, मांजर रात्री बाहेर भटकते, तिला घुबड किंवा कोल्हा उचलून नेईल का, आणि पट्ट्याला घुंगरू बांधलं तर उपयोग होईल का.

घुंगराचं आधी सांगते, कारण तो वाद आमच्या घरात सहा वर्षं चालू आहे. मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार म्हणतात, आमच्याकडे ती दादाने बांधली. "आवाजाने कोणी जवळ फिरकणार नाही." अहो, घुंगरू पक्ष्यांना सावध करायला असतं, मांजराला राखायला नाही. गव्हाणी घुबड मिट्ट काळोखातही नुसत्या कानावर उंदीर धरतं. त्याला आपण छुमछुम करत पत्ता सांगायचा!

आमची मांजर ठकी तेव्हा वर्षाची, जेमतेम अडीच किलोची. दिवेलागणीला कुंपणाच्या भिंतीवर बसली होती, मी खिडकीत. वरून काही येतंय याची चाहूलच नाही (घुबडाच्या पिसांची कड झालरीसारखी असते, पंख वाजत नाहीत). एकदम ठकीची किंकाळी, घुंगराचा खळखळाट, आणि एक रुंद तपकिरी पाठ झाडाकडे निघालेली. ठकी जी धावली ती थेट कपाटाखाली. रक्ताचा थेंब नाही. "घाबरलीय नुसती," इति दादा. तिसऱ्या दिवशी अंग तापलेलं, पाठीला हात लावू देईना. डॉक्टरांनी केस भादरले तेव्हा चार भोकं दिसली, दोन मणक्याच्या या बाजूला, दोन त्या. वरून मिटलेली, आत पू. झटापट झाल्याचा नुसता संशय आला तरी केस सारून कातडी बघा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

बाकी उपाय एकच, मावळल्यापासून उजाडेपर्यंत मांजर घरात. मांजराची भटकायची वेळ आणि शिकाऱ्यांची वेळ एकच असते. संध्याकाळचं खाणं ठरल्या वेळी, घरातच द्या, आपोआप येते. बाहेर ताटली ठेवू नका, उरल्यासुरल्यावर कोल्हे येतात. (ताटलीही दादाचीच.) आणि "झाडावर चढेल की" हे तर मला सांगूच नका. बिबट्याही चढतो.

आता खरं सांगायचं तर चार-पाच किलोचं धडधाकट मांजर घुबडाला उचलून नेणं जड जातं, आणि कोल्हाही बहुधा त्याच्या नादी लागत नाही. जातात ती पिल्लं, म्हातारी, आजारी. बिबट्या किंवा कायोटी (अमेरिकेतला कोल्ह्यासारखा रानटी प्राणी) असतील तिथे मात्र मोठं मांजरही भक्ष्यच. गाड्या आणि मोकाट कुत्री वेगळीच.

ठकी बरी झाली. दादाचं अजूनही म्हणणं, तिला कुंपणाची तार लागली. तारेला दोन पुढे, दोन मागे अशी बोटं कुठून आली, ते तो सांगत नाही.